यानाच्या पोटात काय आहे?



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू होते. तालुक्याच्या प्रदर्शनात टेबलांच्या ओळीतून चालत गेलात तर पेटणारा ज्वालामुखी भेटतो, ठिबक सिंचन भेटते आणि एखादे अंतराळयान तर हमखास भेटते. पुठ्ठ्याचे नळकांडे, त्यावर चंदेरी कागद, खाली तीन पंख, टोकाला लाल दिवा आणि अंगभर लुकलुकणाऱ्या रंगीत दिव्यांची माळ. यानाचे नाव बहुधा भारदस्त असते. परीक्षक येतात, कळ दाबली जाते, दिवे लागतात.

परीक्षक म्हणून अशा यानांसमोर मी बरेचदा उभा राहिलो आहे आणि माझा प्रश्न ठरलेला असतो, "आत माणसे किती?" उत्तर चटकन येते, "पाच." "मग ती झोपतात कुठे?" इथे मात्र बहुतेकांची गाडी अडते. एका प्रदर्शनात तर तो विद्यार्थी यानाकडे असा पाहू लागला, की जणू त्याने ते प्रथमच पाहिले होते. आणि ते खरेच होते. यान दुकानातून तयार आणलेले होते, आदल्या दिवशी. त्याला बक्षीसही मिळाले.

यावर माझे मत स्पष्ट आहे. यानाच्या प्रतिकृतीला गुण द्यायचे असतील तर ते तिच्या आतल्या भागाला द्यावेत. बाहेरचा आकार चित्रात पाहून कोणालाही करता येतो आणि विकतही मिळतो. आतली रचना करताना मात्र प्रत्येक खिळ्यापाशी पदार्थविज्ञान आडवे येते. ज्याने आतला भाग स्वतः केला आहे, त्याला उत्तरे पाठ करावी लागत नाहीत.

आपल्याकडे ही गोष्ट समजावून सांगायला दूर जायला नको. आमच्या उचगावातल्या, किंवा गोकुळ शिरगाव-शिरोलीच्या बाजूच्या अनेक घरांतून कोणी ना कोणी फौंड्रीत कामाला असते. त्यांना विचारा, पोकळ कास्टिंग कसे करतात? बाहेरच्या आकारासाठी पॅटर्न असतो, त्याचा ठसा वाळूत उमटवतात. पण आतली पोकळी कुठून येणार? त्यासाठी वाळूचाच एक वेगळा गाभा करतात, त्याला ते 'कोअर' म्हणतात. तो वेगळ्या पेटीत घडवतात, साच्यात नेमक्या जागी बसवतात आणि मगच रस ओततात. लोखंड थिजल्यावर कोअर फोडून काढला की उरते ती पोकळी. इंजिनाच्या ठोकळ्यात पाणी खेळण्याचे मार्ग असेच तयार होतात. म्हणजे फौंड्रीवाल्यांच्या लेखी 'आतली रिकामी जागा' ही आधी विचार करून घडवायची वस्तू असते. कोअर जरा सरकला तर बाहेरून देखणे दिसणारे कास्टिंगही भंगारात जाते.

अंतराळयानाचेही तसेच आहे. माणूस राहणार पोकळीत, म्हणून पोकळी आधी आखा. कवच नंतर चढवा.

चित्रपटवाल्यांनी नेमके उलटे केले आणि त्यामुळे गंमती झाल्या. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठी यानांच्या प्रतिकृती करणाऱ्या कारागिरांनी बाजारात मिळणारे रणगाड्यांचे आणि विमानांचे प्लॅस्टिकचे जोडणी-संच आणले आणि त्यांतले सुटे भाग यानांच्या अंगावर चिकटवले. हा भाग कशासाठी, असे विचारायचे नाही. पडद्यावर यान अवाढव्य आणि गुंतागुंतीचे वाटले की काम झाले. त्यात त्यांनी कमालीचे कौशल्य दाखवले, हे मान्य करायला हवे. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत 'गॅलिलिओ' नावाचे एक छोटे यान होते. १९६७ च्या आरंभी ते प्रेक्षकांनी पाहिले. त्याचा बाहेरचा सांगाडा सुमारे २२ फूट लांबीचा केला होता, आणि आतल्या दृश्यांसाठी दुसरा, वेगळा देखावा उभारला होता. त्यात माणसे ताठ उभी राहून ऐसपैस वावरतात. हा आतला देखावा त्या बाहेरच्या सांगाड्यात मावूच शकत नाही! १९७४ मध्ये 'एएमटी' या कंपनीने या यानाचा जोडणी-संच विकायला काढला, आतल्या खुर्च्यांसकट. तेव्हा हौशी मंडळींपुढे पेच पडला, की बाहेरचे माप खरे धरायचे की आतले? परदेशात असे संच आणून त्यांच्या आतल्या भागात स्वतःच्या हाताने खुर्च्या, फलक, दिवे, नळ्या बसवणे हा मोठा छंद आहे. त्यातले चांगले कारागीर पहिली गोष्ट कोणती करत असतील तर माणसाची बाहुली आत उभी करून पाहतात.

तुम्हीही तेच करा. संच मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तर काही अडत नाही. मी तर म्हणेन, पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मिळवा. का ते सांगतो.

प्रथम प्रमाण ठरवा. समजा १:२० घेतले. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस साडेआठ सेंटिमीटरचा झाला. तेलाचा डबा साधारण साडेतेवीस सेंटिमीटर रुंद, तेवढाच खोल आणि ३५ सेंटिमीटर उंच असतो. तो आडवा ठेवा आणि सगळी मापे विसाने गुणा. लांबी ७ मीटर, रुंदी ४.७ मीटर. आता आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला फेब्रुवारी २००८ मध्ये जोडलेला 'कोलंबस' हा युरोपीय प्रयोगशाळेचा कक्ष पाहा. त्याची लांबी सुमारे ६.९ मीटर, व्यास सुमारे ४.५ मीटर. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला डबा, तो चौकोनी आहे एवढे सोडले तर, जवळजवळ नेमक्या प्रमाणातला अंतराळकक्षच आहे.

आत काय बसवाल? कोलंबसमध्ये १६ मोठी कपाटे आहेत. चार एका भिंतीला, चार समोरच्या, चार छताला आणि चार जमिनीला. प्रत्येक कपाट सुमारे २ मीटर उंच आणि १ मीटरहून थोडे अधिक रुंद. तुमच्या प्रमाणात ते १० सेंटिमीटर उंच, सव्वापाच सेंटिमीटर रुंद आणि सव्वाचार सेंटिमीटर खोल होते. जाड पुठ्ठ्याची अशी १६ खोकी करा. चारही बाजूंनी ती लावली की मधोमध चौकोनी बोळ उरतो आणि बोळाच्या चार कोपऱ्यांत चार लांब पोकळ्या राहतात. मला विचाराल तर या कोपऱ्यांतच सगळी मजा आहे. खऱ्या स्थानकात याच जागांतून हवेच्या नळ्या, पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा जातात. घर बांधताना नळ-तारांची जागा आधी सोडली नाही तर नंतर भिंती फोडाव्या लागतात, हे तुमच्या घरी विचारा. सायकलच्या ब्रेकच्या जुन्या केबलचे वेष्टन, रिकाम्या रिफिली, सलाईनची नळी, काहीही चालेल. फक्त प्रत्येक नळी कुठून निघून कुठे जाते ते तुम्हाला सांगता आले पाहिजे. मध्येच संपणारी नळी लावू नका.

प्रमाण एकदा पक्के झाले की कधी कधी धक्कादायक गोष्टी कळतात. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा आणि त्यांचे दोन सोव्हिएत सहकारी 'सोयूझ टी-११' यानातून गेले. सोयूझच्या ज्या भागात बसून अंतराळवीर वर जातात आणि परत उतरतात, तो बाहेरून सुमारे २.२ मीटर व्यासाचा असतो. पण आत माणसांना मोकळी जागा मिळते ती सुमारे ४ घनमीटर. लांबी विसाव्या भागाइतकी कमी केली की घनफळ आठ हजाराव्या भागाइतके कमी होते, हे तुम्ही गणितात शिकलाच आहात. चारला आठ हजारांनी भागा. अर्धा लिटर! गोकुळच्या दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीएवढ्या जागेत तुम्हाला साडेआठ सेंटिमीटरच्या तीन बाहुल्या बसवायच्या आहेत. त्या बसतात, पण गुडघे छातीकडे ओढून घेतल्यावरच. म्हणूनच सोयूझमधले आसन ही खुर्ची नसते. प्रत्येक अंतराळवीराच्या पाठीचा साचा घेऊन त्याच्या मापाचे अस्तर घडवतात, म्हणजे उतरतानाचा धक्का सगळ्या पाठीवर सारखा पसरतो.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. तुमच्या यानात 'खाली' कुठे आहे?

पुष्कळांची समजूत असते की तिथे गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून माणूस तरंगतो. ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरच्या आकर्षणाच्या सुमारे ८९ टक्के असते. यान आणि आतला माणूस दोघेही एकाच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असतात, पण आडव्या प्रचंड वेगामुळे पृथ्वीला चुकवत तिच्याभोवती फिरत राहतात. दोघेही सारखेच पडत असल्यामुळे जमीन पायाला रेटत नाही. वजन जाणवत नाही ते यामुळे. मग अशा यानात जमीन आणि छत यांत फरक काय? पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने काहीच नाही. माणसाच्या दृष्टीने मात्र फार मोठा.

हे अनुभवाने कळले. १९७३ मध्ये अमेरिकेने 'स्कायलॅब' सोडली. तिच्या एका भागात, इतर याने जोडण्याच्या कक्षात, उपकरणे गोल भिंतीवर चारही दिशांना तोंड करून लावली होती. वजनच नाही तर दिशेचे बंधन कशाला, हा त्यामागचा विचार. तर्काला धरून होता, पण अंतराळवीरांना तो रुचला नाही. ज्या मोठ्या कक्षाला ठरलेली जमीन आणि ठरलेले छत होते, तिथे त्यांना बरे वाटे. रशियात हे काम गालिना बालाशोवा या वास्तुरचनाकार बाईंकडे होते. सोयूझ, सॅल्यूत आणि 'मीर' यांच्या आतल्या भागांची आखणी त्यांनी केली. जमिनीला गडद रंग, छताला फिकट रंग हे त्यांचे साधे तत्त्व होते. डोळ्याला सवय असते की उजेड वरून येतो आणि माती खाली असते. सोयूझच्या राहण्याच्या कक्षात लावायला त्यांनी लहान जलरंगचित्रेही काढून दिली होती. तो कक्ष परतताना वातावरणात जळून जातो, त्यामुळे चित्रेही जळाली. अवकाशातल्या घराला भिंतीवरचे चित्र लागते, हे एका बाईंना सुचावे आणि ते मान्य व्हावे, याचे मला फार कौतुक वाटते.

तेव्हा यानात रंग भरताना चंदेरी कागद बाजूला ठेवा. एक बाजू जमीन ठरवा, तिला गडद हिरवा किंवा करडा रंग द्या, छत पांढरे ठेवा आणि दिवे छतालाच लावा. एक पांढरा एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी आणि ३३० ओहमचा रोधक एवढे पुरे. दिव्यापुढे ट्रेसिंग कागद लावला की उजेड पसरतो. लुकलुकणाऱ्या माळेपेक्षा हा एक दिवा जास्त सांगून जातो, कारण तो तुमच्या यानातले 'वर' ठरवतो.

बाहुलीचेही तसेच. बाहुली जमिनीवर दोन पायांवर ताठ उभी केलीत, की जाणकार परीक्षक हसणार. वजनविरहित अवस्थेत सैल सोडलेले शरीर विशिष्ट पवित्रा घेते. गुडघे थोडे वाकलेले, पाठीला बाक, मान पुढे आणि हात छातीसमोर उचललेले. स्कायलॅबवर याची मापे घेतली गेली. तांब्याच्या तारेला चिंध्या गुंडाळून अशी बाहुली दहा मिनिटांत होते. तिला खुर्ची देऊ नका, पाय अडकवायला दांडी द्या. अंतराळवीर बोटे दांडीखाली अडकवून स्थिर राहतात, त्यामुळे महिनोन्‌महिने राहणाऱ्यांच्या पावलांना घट्टे पडतात ते तळव्यांना नव्हे, वरच्या बाजूला. झोपण्याची पिशवी भिंतीला बांधा. उशी-गादी लागत नाही.

पण झोपणाऱ्याच्या तोंडाजवळ पंख्याची जाळी हवी. इथे शाळेत शिकलेले अभिसरण आठवा. गरम हवा हलकी होऊन वर जाते, हे आपण घोकतो. जिथे वजनच जाणवत नाही तिथे 'हलकी' काय आणि 'वर' काय? तिथे उच्छ्वासाची हवा आपणहून दूर जात नाही. वारा खेळता ठेवला नाही, तर झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याभोवती त्याचाच कार्बन डायऑक्साइड साचत जाईल. म्हणून स्थानकावर पंखे रात्रंदिवस घरघरत असतात. त्याचा एक मजेशीर फायदाही आहे. हरवलेली पेन्सिल, सुटलेला स्क्रू शेवटी हवा ओढणाऱ्या जाळीवर येऊन चिकटतो. तुमच्या प्रतिकृतीत चहाच्या गाळणीच्या जाळीचा तुकडा लावा आणि त्यावर एक इवलीशी पेन्सिल अडकवून ठेवा. शेजारच्या टेबलावरचे दिवे कितीही चमकोत, त्या पेन्सिलीबद्दल लोक विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

बटणांचा हव्यासही नको. १९८१ ते २०११ या काळात उडालेल्या अमेरिकी 'शटल'च्या चालककक्षात कळा, बटणे आणि दर्शक मिळून २००० च्या वर होते. शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये ज्या 'ड्रॅगन' यानातून अंतराळ स्थानकावर गेले, त्यात समोर तीन मोठे स्पर्शपडदे आणि थोडीच बटणे आहेत. बटणे वाढली म्हणजे यान पुढारलेले झाले असे नाही.

"पण सर, आमचे यान कल्पनेतले आहे, ते शनीला जाते," असे कोणी म्हणेल. उत्तम! जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरातच झाला, आणि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठवलेल्या त्यांच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. तिच्यातले यान कल्पनेतलेच आहे, पण कृष्णविवराजवळ काळ मंदावतो तो सापेक्षतेच्या नियमाप्रमाणे. कल्पनेतल्या यानालाही हिशेब चुकत नाही.

समजा, शनीच्या लांबच्या प्रवासासाठी तुम्ही फिरते यान केले. '२००१: ए स्पेस ओडिसी' या १९६८ च्या चित्रपटासाठी खरोखरच फिरणारे एक चाक बांधले होते, व्यास सुमारे ३८ फूट. म्हणजे त्रिज्या ५.८ मीटर. अशा चाकाच्या आतल्या कडेवर पृथ्वीइतके वजन जाणवायला ते मिनिटाला किती वेळा फिरावे लागेल? केंद्राभिमुख त्वरणाचे सूत्र वापरा. उत्तर १२ च्या थोडे वर येते. एवढ्या वेगात माणसाला गरगरेल. शिवाय पावले केंद्रापासून ५.८ मीटरवर, तर डोके ४.१ मीटरवर, म्हणजे डोक्याला पावलांच्या ७० टक्केच भार. चंद्राइतक्या वजनावर भागवले तर मिनिटाला ५ फेऱ्या पुरतात. आणि पृथ्वीइतके वजन हवे, पण फेऱ्या दोनच हव्यात, तर त्रिज्या सुमारे २२३ मीटर लागते. १:२० ने त्याची प्रतिकृती २२ मीटर व्यासाची होईल. ती शाळेच्या मैदानावर मांडावी लागेल, तेव्हा प्रमाण बदला. आणि अशा यानात जमीन बाहेरच्या कडेला असते हे विसरू नका. चाकातल्या सगळ्या बाहुल्यांची डोकी मधल्या आसाकडे हवीत. हे चुकलेले मी छापील चित्रांतही पाहिले आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेचे नाव व्हावे म्हणून तयार प्रतिकृती विकत आणण्याचा मोह होतो, हे मी जाणतो. वेळ नसतो, वरून परिपत्रक आलेले असते. पण त्या पैशात एका वर्गाला पुरेल एवढा पुठ्ठा येतो. परीक्षक म्हणून जाल तेव्हा कळ दाबायला सांगण्याआधी झाकण काढायला सांगा. प्रमाण विचारा. 'खाली' कुठे ते विचारा, हवा कुठून येते ते विचारा. वेड्यावाकड्या कापलेल्या पुठ्ठ्याच्या यानाने या तिन्हींची उत्तरे दिली तर त्याला वरचा क्रमांक द्यायला कचरू नका. विकतच्या यानाच्या मालकाला रागवायचेही कारण नाही. पुढच्या वर्षी तेच यान उघडून त्याचा आतला भाग स्वतः कर, एवढे सांगितले तरी पुरे. संच विकत घेऊन आत बदल करणारे हौशी तरी दुसरे काय करतात?

आता डब्याविषयी थोडे. एक लांब बाजू पूर्ण कापून काढावी, म्हणजे आतले सगळे समोरून दिसते. ती घरी कात्रीने कापू नका. डबे कापणाऱ्या पत्र्याच्या कारागिराकडून कापून घ्या आणि कडा आत दुमडून घ्यायला सांगा, नाहीतर हात कापतील. आतून डबा सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुवा. तेलाचा अंश राहिला तर रंगही धरत नाही आणि डिंकही. पांढरा फेविकॉल पत्र्यावर तसाही टिकत नाही, म्हणून आधी चपला चिकटवायचे सोल्यूशन लावून पुठ्ठ्याचे अस्तर बसवा आणि कपाटे त्या अस्तराला चिकटवा. छताची चार कपाटे सगळ्यांत शेवटी लावा, आणि तीही दिव्याच्या तारा ओढून झाल्यावर.